फाईलच्या माथ्यावर माझं एकटीचं नाव

“दोन्ही कोड फुकटचेच हाय ना? मंग काऊन अडून राह्यलं?” आमचे सर म्हणाले. नालवाडीतल्या आमच्या अ‍ॅप बनवणाऱ्या ऑफिसात आम्ही पाच जण. मालकालाही सरच म्हणतो.

अडलं होतं मडावी गुरुजींचं गोंडी शब्दकोशाचं अ‍ॅप. गुरुजींनी कित्येक वर्षं गावोगाव फिरून शब्द जमवले होते. शाळा उघडायला आठवडा होता, आणि उघडेल त्याच दिवशी अ‍ॅप मुलांना द्यायचं होतं. आणि शेवटच्या चेकिंगमध्ये मला दिसलं, की आत वापरलेल्या दोन तयार कोडची लायसन्स जुळत नाहीत.

ओपन सोर्स कोड फुकट मिळतो, पण अटींसकट. शब्द शोधणारा कोड अपाची लायसन्सचा होता. शब्द अकारविल्हे लावणारा जीपीएल या दुसऱ्या लायसन्सचा, ‘फक्त आवृत्ती दोन’. ही आवृत्ती म्हणते, माझ्यात जे मिसळाल ते माझ्याच अटींवर वाटा, जास्तीची अट चालणार नाही. अपाचीत पेटंटबद्दल जास्तीची अट आहे. झालं भांडण. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत ते मिटलंय. म्हणजे कोडच्या मालकाने ‘फक्त’ काढून ‘किंवा नंतरची’ लिहिलं की काम होणार. अ‍ॅप तसंही सगळ्यांना खुलंच द्यायचं होतं.

“मंग मालकाले मेल टाक.”

“मालक मीच आहो, सर.”

कॉलेजात लिहून नेटवर टाकलेला कोड. लायसन्सचा मजकूर तेवढा न वाचताच दुसरीकडून उचलून वर चिकटवलेला.

सर हसत सुटले. “टाक मंग बदलून. दोन मिनिटाचं काम.”

होतंही. फाईलच्या माथ्यावर, जिथे कोड लिहिणाऱ्याचं नाव असतं, तिथे माझं एकटीचंच नाव होतं. पण निम्मा कोड माझ्यासोबत कॉलेजात असलेल्या प्रवीणचा होता. आमच्या दोघांचं भांडण झाल्यावर त्याचं नाव मीच गाळलं होतं. नाव गाळल्याची इतकी लाज वाटायची की पुढे कधी त्याला फोनही केला नाही.

प्रवीण आता अल्लीपूरला वांगी-टमाटे लावतो. दुपारी त्याला फोन करून लायसन्सची अडचण सांगितली.

“माहं नाव हाय का त्याच्यावर?”

“नाई. मीच काढलं होतं.”

पलीकडे त्याने मोटरपंप बंद केला.

“मंग मले काऊन विचारून राह्यली? कोणाले समजलं असतं?”

“निम्मं काम तुहं आहे म्हणून.”

“आधी नाव टाक. मंग बाकीचं बदल. अन् आजच टाकजो.”

मी तासाभरात नाव टाकलं. संध्याकाळी त्याचा एका ओळीचा मेल आला : बदलाला हरकत नाही.

शाळा उघडली त्या दिवशी अ‍ॅप मुलांच्या हातात होतं. प्रवीण अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मी मात्र आता कुठलाही तयार कोड घेताना लायसन्स पूर्ण वाचते, आणि माथ्यावर ज्याचं नाव आहे त्या एकट्यानेच तो लिहिला असेल, असं धरून चालत नाही.