तिसरा रकाना

श्रेयस आणि अन्वी, तुमचे आजोबा गेल्याची बातमी तुम्हाला मीच दिली. इथे निपाणीत सकाळचे सात वाजले होते, तुमच्याकडे कॅनडात आदली संध्याकाळ. तुमचे बाबा तेव्हा विमानात होते, इकडे यायला निघालेले, म्हणून फोन मला करावा लागला. अन्वी, तू म्हणालीस, "आजी, पण तू तर रविवारी सांगितलंस, त्यांना बरं वाटतंय..." मी म्हणाले, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. ते फोनवर मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही दोघं मराठी हळूहळू वाचता, तेही बरंच आहे. हळूच वाचा.

तुम्ही त्यांना आजोबा म्हणून ओळखलंत, तेही दर दोन वर्षांनी तीन आठवडे. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. त्यांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. व्यापारी लोक वजन वाढावं म्हणून पानावर गुपचूप पाणी मारायचे, वरून दिसायचं नाही. आप्पा चिमूटभर तंबाखू बोटांत घेऊन चुरडायचे, कानाजवळ न्यायचे, आवाज ऐकायचे आणि एवढंच म्हणायचे, "पाणी मारलंय." समोरचा कितीही ओरडला तरी आवाज चढवायचे नाहीत. स्वतः त्यांनी तंबाखू आयुष्यात खाल्ली नाही. शिक्षण सातवीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. मी बेळगावच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे इथल्या हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गावातली पोरं मला बाई म्हणायची, म्हणून तेही मला बाईच म्हणायचे, आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं.

वखार बंद केल्यावर त्यांना टीव्हीचा नाद लागला, आणि तोही एकाच प्रकारच्या कार्यक्रमांचा. माणूस चंद्रावर खरंच गेला होता का, समुद्रावरून जाणारी विमानं कुठे नाहीशी होतात, पिरॅमिड बांधायला परग्रहावरून कोणी आलं होतं का... जगात ज्या ज्या गोष्टींत लोकांना काहीतरी लपवाछपवी दिसते, त्यांचा तपास करणारे ते कार्यक्रम. आपल्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं, मावळल्यावर काही खायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आलात की याच गोष्टीवरून कुरकुर करायचात. पण त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मिळते. साडेसात वाजता आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसायचो. हेच कार्यक्रम हिंदीतही लागत, पण ते त्यांना आवडत नसत. "हिंदीतला माणूस भुताचा आवाज काढतोय. तू सांग, शाळेत सांगत होतीस तसं." मग इंग्रजीतून लावायचं आणि मी मराठीत सांगत जायचं. अवघड शब्द आला की मी हात वर करायची, ते रिमोटवरचं थांबवायचं बटण दाबायचे. पडद्यावरचा माणूस तोंड उघडं ठेवून थिजायचा. मी चष्मा काढून विचार करायची, शब्द सापडला की सांगायची, ते मान हलवायचे, माणूस पुन्हा बोलू लागायचा. पाऊण तासाचा कार्यक्रम आम्हाला दीड तास पुरायचा. घाई कधी केली नाही त्यांनी. "शब्दाला अडतीस तवा खरं सांगतीस," असं एकदा म्हणाले होते. तेव्हा मी हसले होते.

मला सगळ्याची टापटीप लागते. मी शाळेतली एक उरलेली वही काढली, विषय लिहून तीन रकाने आखले : खरं, खोटं, माहीत न्हाय. शेवटचे शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले आणि मला दुरुस्त करू दिले नाहीत. नियम असा की कार्यक्रम संपला की बोलायचं आणि ज्या रकान्यात पटेल तिथे दोघांनी सही करायची. मत वेगळं असेल तर वेगळ्या रकान्यात करायची. खाडाखोड करायची नाही. उडत्या तबकड्यांच्या बाबतीत त्यांची सही 'माहीत न्हाय'मध्ये आहे, माझी 'खोटं'मध्ये, आणि त्यावरून आमचा अबोलाही झाला आहे. "तू बघितलीस काय वर जाऊन?" "तुम्ही बघितलीत का?" "न्हाय. म्हणून तर तिसऱ्यात." काही कार्यक्रम शेवटी काहीच ठरवत नाहीत, प्रश्न विचारून संपतात. त्यांचा त्यांना भारी राग. टीव्हीलाच म्हणायचे, "तासभर हिंडवलंस आणि आता म्हणतोस तुम्हीच ठरवा! मग तू कशाला आलतास रं?"

चंद्राचा कार्यक्रम मात्र मी विसरणार नाही. लोकांचं म्हणणं असं की चंद्रावरच्या फोटोंत सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडल्यात, म्हणजे तिथे दिवे लावले होते, म्हणजे सगळा सिनेमा. टीव्हीवाल्यांनी बरेच प्रयोग केले. आप्पांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना मी पानं वाढायला घेतली, तर हे घरात नाहीत. फोन आला. "बाई, वखारीत ये. लगोलग ये." मी धावत गेले, वाटलं पडले की काय. ते रिकाम्या अंगणात उभे होते. पूर्वी तंबाखू वाळत घालायचे त्या जागेतले जुने खांब अजून होते, आणि खालची जमीन उंचसखल. "बघ. ह्या खांबाची सावली तिकडं, त्याची इकडं. सूर्य एकच. आमच्या वखारीतबी शूटिंगवाले आलते काय गं?" आणि लहान पोरासारखे हसले. मीही खांब मोजत, सावल्या बघत उभी राहिले. भान आलं तेव्हा सूर्य गेला होता. घरी भात, आमटी, वांग्याची भाजी सगळं झाकलेलं तसंच. त्या रात्री आम्ही दोघं उपाशी झोपलो. त्या दिवशी वहीत दोन्ही सह्या 'खरं'मध्ये आहेत.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचं जेवण कमी झालं. आधी मी लक्ष दिलं नाही, मग डोळे पिवळे दिसले तेव्हा बेळगावला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पुढे गेलेला आहे, काही महिने. त्यांना सांगायचं का, हे तुम्ही घरात ठरवा, असंही म्हणाले. आप्पा बाहेर बाकावर बसले होते. मी दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच तुमच्या बाबांना फोन केला. त्यांना रडू आवरेना. म्हणाले, आई, सांगू नकोस, धीर सोडतील. मग सदलग्याला आप्पांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना केला. "सांगितलंस तर त्यो आजच मरंल. माझी आण हाय तुला." दोघांनी म्हटलं म्हणून मी केलं, असं मी लिहू शकते. पण ते खरं नाही. मलाही सांगायचं नव्हतं. सांगितल्यानंतरचा त्यांचा चेहरा बघायची माझी तयारी नव्हती.

परतताना गाडी संकेश्वरला चहासाठी थांबली. ड्रायव्हर उतरला. आप्पा म्हणाले, "रिपोर्ट वाच की, बाई." मी पाकीट उघडलं. इंग्रजी कागद. आयुष्यभर मी त्यांना इंग्रजीतून जे सांगितलं, ते खरं सांगितलं होतं. मी वाचायला लागले... पित्ताशयाला सूज आहे, त्यामुळे कावीळ, दुसरं काही नाही, औषधांनी उतरेल, मात्र तीन-चार महिने लागतील. एका दमात वाचलं. ते ऐकत होते, काचेबाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. वाचून झाल्यावर म्हणाले, "आज कुठं अडली न्हाईस." मी म्हटलं, सोपं होतं. "हौदा?" म्हणाले. कन्नडमधलं हे 'असं होय?' ते नेहमी भुवया उंचावून म्हणायचे. त्या दिवशी माझ्याकडे बघितलं नाही. चहा घेऊन ड्रायव्हर आला.

त्यानंतरचे चार महिने आपल्या घरात एक लपवाछपवी चालू होती आणि ती मी शिस्तीत चालवली. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं कात्रीनं कापून टाकायची. फाईल माझ्या साड्यांखाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच समज द्यायची. दर रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल, त्याआधी त्यांना स्वच्छ सदरा, खिडकीकडे पाठ, म्हणजे चेहऱ्याचा रंग दिसणार नाही. श्रेयस, तू विचारायचास, "आजोबा, कसे आहात?" आणि ते म्हणायचे, "बरा हाय मी. तू मार्च्यात येतोस न्हवं?" मार्चमध्ये तुझी परीक्षा होती. सुट्टीत या, असं मीच सांगितलं. सुट्टीत येऊन काय मिळणार होतं, ते मला माहीत होतं. तुमचे बाबा शेवटी निघाले तेव्हाही तुम्हाला सांगितलं, काम आहे.

आणि या चार महिन्यांत ज्या माणसानं चंद्रावरच्या सावल्यांचा पुरावा मागितला, त्यानं गोळ्यांची पाकिटं कापलेली का आहेत, हे एकदाही विचारलं नाही. सूज उतरायची तर मी रोज बारीक का होतोय, हे विचारलं नाही. कार्यक्रम आम्ही बघत होतो, ते पलंगावर आणि मी खुर्चीत; वही मात्र बेळगावहून आल्यापासून मी काढली नाही आणि त्यांनी मागितली नाही. मी अडायची, ते बटण दाबायचे. नंतर नंतर बटणावर बोट टेकवण्याचं बळ राहिलं नाही, तेव्हा रिमोट माझ्या हातात दिला. मला वाटायचं, माझं नाटक चांगलं वठतंय. ते गेल्यावर मला त्यांचं न विचारणं ऐकू यायला लागलं.

परवा त्यांच्या वस्तू आवरायला घेतल्या. वही मला टीव्हीखालच्या खणात असायची तिथेच मिळाली. ती उघडायचा धीर तोवर झाला नव्हता. आम्ही दोघांनी सह्या केलेला शेवटचा कार्यक्रम पानाच्या तळाशी होता, पण पुढच्या पानावर आणखी एक ओळ होती. आखलेली नव्हती, रकाने त्यांनी हातानं ओढले होते, वाकडे. विषय : 'माझं दुखणं. रिपोर्ट बाईनं वाचला, संकेश्वर.' अक्षर तेव्हाचं, अजून न थरथरणारं. म्हणजे त्याच आठवड्यातलं.

मी आधी 'खोटं'मध्ये बघितलं. तिथे काही नव्हतं. सही तिसऱ्या रकान्यात होती. 'माहीत न्हाय.'

एवढी ओली तंबाखू हाताला लागलेली असताना त्यांनी 'पाणी मारलंय' म्हटलं नाही. माझ्या नावापुढे 'खोटं' लिहायला लागू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वहीत खोटं लिहिलं. आणि नियमाप्रमाणे माझ्या सहीची जागा सोडली. ते जिवंत असताना मी ती वही एकदा उघडली असती तर... चार महिने ती माझ्या हातापासून दोन हातांवर होती. आम्हाला बोलता आलं असतं. त्यांना कोणाला भेटायचं होतं, ते त्यांना ठरवता आलं असतं. अन्वी, त्यांना तुम्हाला भेटायचं होतं. मार्चचं त्यांनी तीनदा विचारलं होतं. ते का विचारत होते, हे मी तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर.

काल साडेसातला मी दोन्ही खुर्च्या पुढे ओढल्या. टीव्ही लावला नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आमच्या नियमात खाडाखोड नाही, म्हणून त्यांची सही आहे तिथेच राहिली. मी माझी सही 'खोटं'मध्ये केली.