कवळीकाका आणि लाल किटली

कवळीकाकांना सगळेजण कवळीकाका म्हणत, आणि त्यात कुणाचा दोष नव्हता. माणसाने उभा जन्म कवळ्या बनवण्यात घालवला होता. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवत, आणि त्या मापावरून हिरडी, टाळू, दात असं सगळं काका घराच्या मागच्या खोलीत, प्लॅस्टरच्या धुळीत बसून घडवत. रस्त्यात ओळखीचं कुणी हसलं, तर काका त्याच्या चेहऱ्याकडे न बघता दातांकडे बघत आणि मनातल्या मनात म्हणत, ‘वरची माझी. खालची दुसऱ्या कुणाची तरी. म्हणूनच हलतेय.’

दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास कधी बसलाच नाही. केस कापायला बसले तरी आरशात कात्रीवर अशी नजर रोखत, की न्हावी चुकून स्वतःचं बोट कापून घेई. घरातला नळ, पंखा, खुर्चीचा पाय, बायकोच्या चष्म्याची काडी, सगळं ते स्वतः दुरुस्त करत. आणि या सगळ्याच्या वर होतं गाडीचं ऑइल बदलणं. ते काम नव्हतं, सोहळा होता. कवळ्यांच्या कामाचा जुना पांढरा ॲप्रन चढवायचा, गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, प्लॅस्टर कालवायचं मोठं घमेलं खाली सरकवायचं आणि पाठीवर झोपून गाडीच्या पोटाखाली शिरायचं. फक्त दोन बूट बाहेर राहत. शेजारचे निवृत्त मास्तर गॅलरीतून त्या बुटांना विचारत, “काय काका, आज कुणाची दाढ काढताय?”

त्यांच्या या हट्टामागे एक कारण होतं, आणि ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळत असे. गाडी नवी असताना काकांनी ती शोरूमच्या सर्व्हिसिंगला दिली होती. देण्याआधी मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी जुन्या ऑइल फिल्टरवर हिरडीच्या गुलाबी रंगाचा एक ठिपका दिला. संध्याकाळी गाडी परत आली. धुतलेली, पुसलेली, आत अत्तराचा घमघमाट, बिलात ‘नवीन फिल्टर’. काकांनी खाली वाकून बघितलं, तर गुलाबी ठिपका जागच्या जागी त्यांच्याकडे बघून हसत होता. त्या दिवसापासून शोरूमचं नाव काढलं, की काकांचा स्वतःचाच जबडा आवळला जाई.

आणि मुलीने लग्न कुणाशी करावं? त्याच शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर बसणाऱ्या मुलाशी. बिचारा ठिपक्याच्या प्रकरणानंतर किती तरी वर्षांनी तिथे लागला होता, पण काकांच्या लेखी तो ठिपक्याचा वारस होता.

“बाबा, एकदा तरी गाडी आणा आमच्याकडे,” जावई जेवताना म्हणे. “लिफ्टवर चढवून खालून सगळं बघून देतो.”

“जावईबापू, तुम्हाला मुलगी दिली आहे,” काका म्हणत. “गाडी मागू नका.”

तर, त्या दिवशी सकाळी काका गाडीखाली होते. काकूंना म्हाताऱ्या बहिणीकडे जायचं होतं, हायवेने तासाभराच्या वाटेवर. गाडी काकू चालवत, आणि काकांपेक्षा बरी चालवत. हे काकांनाही माहीत होतं, म्हणूनच त्यांनी गाडीबाबतचे सगळे नियम काकूंकडून पाठ करून घेतले होते.

“अहो, झालं का? ती वाट बघत बसेल.”

“घाई केली की दात वाकडा बसतो,” गाडीखालून आवाज आला.

जुनं काळं ऑइल घमेल्यात उतरलं. बोल्ट परत बसला. काकांनी जुना फिल्टर सोडवून वर्तमानपत्रावर ठेवला आणि तेवढ्यात फोन वाजला. दातांचे डॉक्टर होते. एका पेशंटला नवी कवळी बसवली होती आणि तो ‘स’ म्हणायला गेला की शिट्टी वाजत होती. पेशंट वकील होता. कोर्टात हशा पिकला होता. काका गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि समोरच्या दातांमधल्या फटीबद्दल इतक्या तळमळीने बोलले, की मास्तर गॅलरीतून आत जाऊन खुर्ची घेऊन आले. मग काका परत गाडीखाली गेले, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावलं, फिल्टर हाताने घट्ट फिरवला, वरून नवं ऑइल ओतलं, इंजीन चालू करून खाली वाकून बघितलं. थेंबसुद्धा नव्हता.

“जा आता. हायवेला फोन घ्यायचा नाही. लाल किटली लागली तर?”

“तर तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन बंद,” काकूंनी पाढा म्हटला. ऑइल कमी पडलं की समोर जो लाल दिवा लागतो, त्याचं चित्र काकूंना किटलीसारखं दिसे. “कितीदा विचाराल? निघाले मी.”

काकू गेल्या. काका ॲप्रनमध्येच पसारा आवरायला बसले. जुना फिल्टर कचऱ्यात टाकण्याआधी त्यांनी सवयीने उलटा करून बघितला.

फिल्टरवर रिंग नव्हती.

जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघून येते. पण कधी कधी ती इंजिनाला चिकटून मागेच राहते. म्हणून काका नवा फिल्टर लावण्याआधी त्या जागेवरून नेहमी बोट फिरवून बघत, जशी कवळी देण्याआधी आतून बोट फिरवून बघत, कुठे काही टोचत नाही ना म्हणून. आज ते बोट फिरायच्या वेळी फोन वाजला होता. बोट वकिलाच्या शिट्टीत अडकलं होतं.

काकांनी वर्तमानपत्र झटकलं. घमेल्यातल्या ऑइलमध्ये कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. ॲप्रनचे खिसे, बुटांचे तळवे, ठोकळ्यांच्या मागे, सगळीकडे बघितलं. रिंग नव्हती. म्हणजे ती गाडीत होती. जुन्या रिंगवर नवी रिंग. अशा दोन रिंगा उभ्या गाडीत शहाण्यासारख्या गप्प बसतात. गाडीने वेग घेतला, ऑइलचा जोर वाढला, की त्यातली एक सटकते आणि सगळं ऑइल भसाभस रस्त्यावर. मग इंजीन जाम. भर हायवेला, मागून ट्रक येत असताना.

“काय हरवलं?” मास्तरांनी वरून विचारलं.

“माझी अक्कल,” काका म्हणाले, आणि मास्तर पहिल्यांदाच हसले नाहीत.

काकांनी काकूंना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. हायवेला फोन घ्यायचा नाही! कुठल्या शहाण्याने केला होता हा नियम? मेव्हणीला लावला. “अजून आली नाही हो. का? काही झालंय का?” “नाही, नाही, सहज,” काका म्हणाले, आणि आपला आवाज ऐकून त्यांचीच पाचावर धारण बसली.

आता एकच नंबर उरला होता. तो लावताना त्यांचं बोट अडखळलं, पण थांबलं नाही.

“हॅलो, बाबा? काय झालं?”

“अरे बाळा,” काका म्हणाले. इतक्या वर्षांत जावई त्यांच्या तोंडून ‘जावईबापू’शिवाय काही झाला नव्हता. “अरे बाळा, रिंग राहिली रे आत. डबल रिंग झाली. आणि ती हायवेला आहे.”

काकांनी डोळे मिटून टोमण्याची वाट बघितली.

“निघून किती वेळ झाला?”

“अर्धा तास असेल.”

“गेटवर उभे राहा. मी आलोच.”

जावई शोरूमची छोटी व्हॅन घेऊन आला, तेव्हा काका गेटवर ऑइलने माखलेल्या ॲप्रनमध्ये उभे होते, आणि येणारेजाणारे त्यांना लांबून वळसा घालत होते. व्हॅन हायवेला लागली.

“त्यांना फोन लावा, बाबा.”

काकांनी खिशात हात घातला आणि बाहेर काढला तो जुना फिल्टर. फोन घरी वर्तमानपत्रावर राहिला होता.

जावयाने आपला फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी नंबर लावला. “व्यस्त आहे,” ते म्हणाले. परत लावला. “व्यस्त. अरे, गाडी चालवताना ती फोन घेत नाही. व्यस्त कसा? कुणाशी बोलतेय? अँब्युलन्सशी?”

“बाबा, मावशींशी बोलत असतील.”

“जरा जोरात घे ना.”

“इथे एवढाच वेग चालतो.”

“तुमच्या शोरूमचे नियम!”

“हायवेचे आहेत, बाबा.”

काकांचा उजवा पाय नसलेला ॲक्सिलरेटर दाबत राहिला. पुढे जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीत त्यांना काकू दिसत आणि जवळ गेल्यावर कुणी तरी मिशीवाला निघे. बाजूने एक ट्रक धडधडत गेला आणि काकांनी मान खाली घातली. फिल्टर दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. त्यांना काकूंनी सकाळी नेसलेल्या साडीचा रंग आठवेना. बघितलाच नव्हता. जाताना ‘नीट जा’ म्हणायचं, तर आपण किटलीचा पाढा म्हणून घेतला.

“ऑइल,” जावई एकदम म्हणाला.

रस्त्यावर एक तेलकट थेंब होता. मग दुसरा. मग थेंबांची रेघ झाली, रेघेचा पट्टा झाला, आणि तो पट्टा उन्हात चमकत वळणाच्या मागे गेला. व्हॅन वळण ओलांडून पुढे गेली.

पांढरी गाडी रस्त्याच्या कडेला अगदी बाहेर घेऊन उभी होती. दिवे लुकलुकत होते. खाली ऑइलचं थारोळं. आणि आत कुणीही नव्हतं.

काका व्हॅन नीट थांबायच्या आत उतरले. त्यांनी खिडकीला तोंड लावलं. रिकामी सीट. मागची सीट रिकामी. दार बंद.

“अहो, रस्त्यावरून बाजूला व्हा आधी!”

आवाज पलीकडून आला होता. लोखंडी कठड्याच्या मागे, झाडाच्या सावलीत, पर्स मांडीवर घेऊन काकू एका दगडावर बसल्या होत्या. साडी हिरवी होती.

“बंद पडलेल्या गाडीत बसायचं नाही, कठड्याच्या मागे जायचं,” काकू म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलंत ना? किटली लागली, मी बंद केली. तेव्हापासून तुम्हाला फोन लावतेय. उचलत का नाही? मला वाटलं, गाडीखाली काही झालं की काय तुम्हाला!” मग त्यांचं लक्ष गेलं. “आणि हा डबा कशाला उराशी धरलाय?”

काका कठडा ओलांडायला गेले, ॲप्रन अडकला, आणि ते तिथेच कठड्यावर बसले. हसू येत होतं की रडू, ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

इंजीन निवेपर्यंत तिघं सावलीत बसले. मग जावई गाडीखाली शिरला. या वेळी बाहेर राहिलेले बूट त्याचे होते. थोड्या वेळाने त्याने हात बाहेर काढला. तळव्यावर एक चपटी, फाटलेली, काळी रिंग होती.

“सापडली तुमची. नवी फिल्टरलाच आहे. इंजीन वाचेल असं वाटतं, बंद लगेच केलं म्हणून.” तो बाहेर सरकला. व्हॅनमधून नवा फिल्टर काढला, पण लावला नाही. “बाबा, खाली या. बोट फिरवा.”

“तू फिरव. तुझं काम आहे.”

“मी फिरवलंय. तुम्ही फिरवल्याशिवाय तुम्हाला आज झोप लागणार नाही, आणि तुम्हाला लागली नाही की आईंनाही नाही.”

काका पाठीवर झोपले. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा, डोळे मिटून. गुळगुळीत होती. तरी तिसऱ्यांदा फिरवलं.

फिल्टर बसला, व्हॅनमधलं ऑइल भरलं, काकूंनी किल्ली फिरवली. लाल किटली लागली. काका खिडकीतून आत वाकले. किटली विझली. इंजीन खोकलं नाही की कण्हलं नाही.

“आता पुढच्या वेळेपासून गाडी यांच्याकडे,” काकूंनी तिथेच निकाल दिला.

पुढची वेळ आली. शोरूममध्ये गिऱ्हाइकांसाठी काचेची खोली होती, मऊ खुर्च्या होत्या, कॉफीचं यंत्र होतं. काका बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर घालतात तशा येरझाऱ्या घालत होते. कॉफी प्यायले नाहीत. काचेला नाक लावून लिफ्टवरच्या आपल्या गाडीचं उघडं पोट बघत होते आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. कोण तो पाना फिरवणारा? त्याला आत्ता फोन आला तर?

दार उघडलं. जावई ट्रे घेऊन आत आला. ट्रेमध्ये जुना फिल्टर होता. त्यावर गुलाबी ठिपका, जो काकांनी रात्री लावला होता, कुणाला कळणार नाही अशा समजुतीने. शेजारी कागदावर काळी रिंग, अख्खी.

“बघून घ्या, बाबा. ठिपका तुमचा, रिंग तुमची.”

काकांनी रिंग उचलली, बोटाभोवती फिरवून बघितली, उजेडाकडे धरली. मग घसा खाकरला.

“फोन कुठे होता तुझा? काम चालू असताना?”

“इथे.” जावयाने काउंटरकडे बोट दाखवलं. “बंद करून ठेवलाय.”

काका खुर्चीवर बसले. “मग आण ती कॉफी,” ते म्हणाले. पण कप हातात आल्यावरही त्यांचे डोळे काचेतून लिफ्टकडेच होते, आणि घरी परतताना काकू गाडी चालवत असताना ते सबंध रस्ता किटलीकडे बघत राहिले, ती लागते की काय म्हणून. काकूही अधूनमधून तिकडेच बघत होत्या.