कढी, दोन आया आणि माझं अर्धवट वर्णन

माझ्या सासूबाई माझ्या एका अर्धवट वाक्यामुळे रुसून गेल्या आणि दुसऱ्या अर्धवट वाक्यामुळे परत आल्या. मधल्या काळात मला एका जागी बसवत नव्हतं.

पहिलं वाक्य कढीबद्दल होतं. सासूबाई साताऱ्याच्या. गेल्या दिवाळीत त्या जयपूरला, आदर्श नगरातल्या आमच्या घरी आल्या आणि त्यांनी कढी केली. मी भुरका मारून म्हणालो, "छानच! पण आमच्या आईसारखे गोळे असते तर..." (आई अमरावतीची. तिकडे कढीत डाळीचे गोळे सोडतात.) सासूबाईंनी पळी खाली ठेवली. "मग गोळेच खा, जावईबापू!" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या.

आता सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पाय प्लास्टरमध्ये, मुलीची दहावी तोंडावर आणि स्वयंपाक माझ्याकडे! रेवा माझ्या भाजीकडे बघून म्हणाली, "बाबा, मतलब... आज्जी येईल का?" आईला बोलावण्याची सोय नव्हती. ती आली असती तर सासूबाई कायमच्याच रुसल्या असत्या. त्यामुळे काहीही करून सासूबाईंना आणणं भाग होतं, नाहीतर पोरगी उपाशीपोटी बोर्डाला बसली असती.

इथे माझा धंदा सांगायला हवा. जयपूरच्याच झालाना भागातल्या एका ऑफिसात मी एआयच्या मदतनिसांसाठी वर्णनं लिहितो. हा मदतनीस बोलायला हुशार, पण माहिती त्याच्यापाशी नसते. ती तो वेगवेगळी टूल्स वापरून शोधतो. कुठलं टूल कशासाठी, त्याला काय विचारायचं, कधी विचारायचं नाही, हे सगळं त्याला आपण लिहिलेल्या वर्णनावरूनच कळतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतो ना, तसंच. "तुम्हाला माहीत आहे ते त्याला माहीत नाही! काहीही गृहीत धरू नका!" असं मी नव्या लोकांना टेबल आपटून सांगतो.

घरीही मी आमच्या सगळ्यांच्या फोनवर असा एक मदतनीस बसवला होता. नातेवाइकांची नावं, नाती आणि नंबर सुनंदाने भरले. टूलचं वर्णन मी लिहिलं: 'नात्यावरून माणूस शोधतं.' बस्स! (ऑफिसात कुणी असं लिहिलं असतं तर मी त्याला त्या दिवशी चहा पिऊ दिला नसता.) वापरायची ती एकटीच, त्यामुळे काही बिघडलं नाही.

त्या सकाळी माझे हात कणकेत होते. मी ऐटीत फर्मावलं, "सासूबाईंना निरोप पाठव: आपल्या हातची कढी ती कढी! आमच्या आईचे गोळे म्हणजे नुसते दगड. झालं गेलं विसरा, जयपूरला या."

"पाठवला," मदतनीस म्हणाला.

मी ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारू लागलो. फोन वाजला. अमरावती!

"काऊन रे बापू," आई म्हणाली, "दगड खाऊनच एवढा मोठा झाला का तू?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच त पाठोलं! अन् मले 'आपल्या हातची' काऊन म्हनून राह्यला?"

फोन बंद. मदतनीस चुकला एवढंच मला कळलं. का चुकला हे बघायला वेळ कुणाला? आधी आईची समजूत काढायची होती. आणि 'आई' म्हटल्यावर काय चुकणार? आई एकच असते!

"आईला पाठव, ताबडतोब: अगं, तो निरोप तुला नव्हताच. सासूबाईंना इकडे आणायचं म्हणून मस्का मारला. त्यांची कढी म्हणजे हळद घातलेलं कोमट पाणी!"

"पाठवला."

या वेळी फोन बेडरूममध्ये वाजला, सुनंदाचा. मी कणकेच्या हातांनी दारात उभा.

"हो, आई... काय?... कोमट?... हळद घातलेलं?" सुनंदा प्लास्टरसकट उठून बसली. "अहोऽऽ!"

रेवाने माझा फोन उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, हे सगळं मम्मीने तिच्या बाजूने भरलंय! मम्मीच्या सासूबाई म्हणजे तुमची आई. मम्मीची आई म्हणजे तुमच्या सासूबाई. कुणाचं नातं, हे तुम्ही लिहिलंच नाही!"

"मला वाटलं, त्याला कळेल," मी म्हणालो.

ऑफिसात हे वाक्य उच्चारायला मी बंदी घातलेली आहे.

माझ्या पोटात गोळा आला. (कढीतला नव्हे.) मला खरंच वाईट वाटत होतं. आईचे गोळे मला जीव की प्राण, आणि सासूबाईंची कढी मी दिवाळीत मागून मागून प्यायलो होतो! हे दोघींना सांगायचं म्हणून फोन लावत सुटलो. साताऱ्याला लावला, बिझी. अमरावतीला लावला, बिझी. पुन्हा सातारा, पुन्हा बिझी. मी गॅलरीत गेलो, परत आलो, पोळी करपवली, पुन्हा गॅलरीत गेलो. संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच दोघी एकमेकींशी मनमोकळं बोलत होत्या, आणि विषय मी होतो!

पुण्यात भेटून दोघी एकाच गाडीने आल्या. स्टेशनवर मी दोघींच्या पाया पडलो. आशीर्वादाऐवजी दोघींनी बॅगा दिल्या.

सुनंदाने तोवर पडल्या पडल्या टूलचं नवं वर्णन लिहिलं होतं: 'यातली सगळी नाती सुनंदाच्या बाजूने आहेत. दुसऱ्या कुणी विचारलं तर आधी माणसाचं नाव विचारून घ्यावं. कढीविषयी कुणालाही, काहीही सांगू नये.'

दुपारी दोघींनी मिळून स्वयंपाक केला. कढी साताऱ्याची, गोळे अमरावतीचे. रेवा पोटभर जेवली, आणि ते बघून मला एवढं बरं वाटलं की मी गाफील राहिलो. वर पाहिलं तर दोघी पळ्या घेऊन समोर उभ्या!

"बोला जावईबापू, कढी चांगली की गोळे?"

"हो, सांग न बापू. लाजू नको."

मी टेबलाखाली घाईघाईने मदतनिसाला लिहून विचारलं, काय सांगू? उत्तर आलं: 'कढीविषयी कुणालाही, काहीही सांगायचं नाही, अशी स्पष्ट सूचना आहे.' मी मुकाट्याने वाटी पुढे केली.

हल्ली ऑफिसातली वर्णनंही मी आधी घरी आणतो. सुनंदा तपासते. परवा ऑफिसातले आमचे सहकारी शेखावतजी माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, बुरा मत मानिए, पर आजकल आपका लिखा हुआ समझ में आने लगा है!"