हिलाल आप्पांची तहान

संध्याकाळी ठिबक सुरू झालं की हिलाल आप्पा केळीच्या बांधावर येऊन बसतात. एका बैठकीत तांब्यावर तांब्या रिकामा करणारा हा माणूस! आता अंगावर सूज चढू नये म्हणून बायको, सिंधुबाई, त्यांना दिवसाचं पाणी बाटलीत मोजून देते. ती बाटली दुपारीच संपते.

मागे आप्पांच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा जंतू कुठल्याच औषधाला दाद देईनात. डॉक्टर म्हणाले, "आता शेवटचं इंजेक्शन उरलंय. पण ते किडनीला जड जातं. त्यात यांचं वय, त्यात साखर. आणखी कसली औषधं घेतात का?"

"नई, काहीच नई," सिंधुबाईने सांगितलं. तिला ते खरंच वाटत होतं.

इंजेक्शनं चालू असतानाही ती चहाबरोबर पदराच्या गाठीतली गोळी आप्पांच्या तळहातावर ठेवायची. एकदा नर्सने तिचं मनगटच धरलं. सिंधुबाई भडकली, "दवाई नई ती, आंगदुखीनी गोळी शे!"

ऊस तोडून आलं की सगळं गाव ती चहाबरोबर घेतं. तिला औषध कोण म्हणतं? डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आधीच दमलेल्या किडनीवर ती गोळी आणखी ओझं टाकत होती.

जीव वाचला, पायही वाचला. किडनी मात्र पुरती सावरली नाही.

नळीतून थेंब पडतात, माती भिजल्याचा वास येतो. आप्पा कोरड्या ओठांवरून जीभ फिरवतात आणि केळीचं कोवळं खोड थोपटतात.

"पी ले माय, मन्हा वाटानं बी तूच पी ले."