मोटारीचं लंघन

मोटार हाकणारे जगात पुष्कळ असतील; पण मोटारीची नाडी पाहून तिला लंघन घालणारे माझे मामेसासरे एकटेच. दवनीवाड्याला त्यांची धानाची शेती होती आणि शेतीहून मोठी घरगुती वैद्यकी. कुठलंही दुखणं फिरवून पोटावर आणायची त्यांची हातोटी अशी, की मामींचा पाय मुरगळला तरी त्यांना आधी ओव्याचा अर्क मिळे. गोंदियाच्या एका लाकूडठेकेदाराची जुनी मोटार त्यांनी घेतली. ती काळा धूर सोडी, पेट्रोलचा भपकारा मारी आणि मैल-दीड मैल गेल्यावर दोन उचक्या देऊन निजे. मामांनी प्लग काढला, त्यावरची काजळी अंगठ्यानं चोळून पाहिली, बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "अजीर्ण. पेट्रोल लय जाऊन राहिलं, हवा कमी भेटून राहिली." मी तिरोड्याचा शाळामास्तर. मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन मी आठ दिवस वाचलं आणि नेमका याच निदानाला पोचलो.

उपचारही पोटाचेच. पेट्रोलची तोटी गाडीच्या आत, पायांजवळ होती. मामा चाक धरत आणि मी वाकून तोटी सोडायची, वीस मोजायचे, बंद करायची. लहान मुलाला पेज भरवावी तसं. "हं, द्या घास. बस. थांबा जी जावईबापू, पहिला जिरू द्या!" चोकचं तर ते नावही जपून घेत. त्याचा दांडा ओढला की हवा अडते आणि नुसतं पेट्रोल आत जातं. "थंडीत सकाळी एक घुटका, बाळकडूसारखा. तापल्या इंजिनाले चोक देल्ला का जीव गुदमरलाच समजा." इतकं करूनही ती निजलीच, तर ढकलायचा पहिला मान जावयाचा. सासुरवाडीत मिळालेलं जरीचं उपरणं मी मुख्यतः घाम पुसायलाच वापरलं.

हा सारा आटापिटा यमूसाठी होता. यमू त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन वर्ष झालं होतं, नवरा खडगपूरला रेल्वेत लागला होता आणि माघात तिला तिकडे संसाराला जायचं होतं. गोंदियाला दुपारच्या गाडीत बसवून द्यायचं. मामांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं, माझी पोरगी बैलबंडीनं नाही, मोटारीनं जाईल. मामी म्हणाल्या, "जाऊ द्या ना मोटारीनं. पण मांगून बंडी जुंपलेली राहू द्या. मांगच्या बुधवारी बंडीच तुमच्या पुढं गेली होती."

कोडं सुटलं ते तळ्याच्या पाळीवर. गाडी तिथे निजली म्हणून मामांनी कार्बोरेटर उघडला आणि आतला बुचाचा गोळा रुमालावर काढून ठेवला. पेट्रोल भरलं की हा तरंगून वर येतो आणि येणाऱ्या पेट्रोलची वाट बंद करतो, एवढं पुस्तकात होतं. शेजारी सोमा ढिवर जाळं वाळवत होता. त्यानं गोळा तळहातावर झुलवला आणि हसला.

"काऊन जी मालक, हा तं पिऊन बसला! आमच्या जाळ्याचं भेंड असं भारी झालं का जाळंच बुडून जाते."

जड गोळा तरंगत नव्हता, म्हणून पेट्रोलची वाट उघडीच राहत होती. मी पुस्तक मिटलं. मामांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे अजीर्ण याले होतं!" मग तीन दिवस तो गोळा अंगणात मामींच्या पापडांशेजारी वाळला (ते पापड पुढे कोणी खाल्ले नाहीत) आणि त्यावर लाखेचे तीन हात बसले. जिच्या बांगड्या होतात, ग्रामोफोनच्या तबकड्या होतात, ती आमच्या गोंदियाची लाख मामांनी औषधाच्या स्पिरिटात विरघळवली. मोटार इतकी गुणी झाली, की मला तोटीपासून कायमची रजा मिळाली.

जायच्या दिवशी यमू आणि मामी मागे, मी पुढे. मागची बंडी पहिल्या वळणावरच दिसेनाशी झाली. धूर नाही, उचकी नाही. मामांनी खरं तर छाती काढून बसायला हवं होतं. पण ते चाकावर वाकून बसले होते. गोंदिया कोसभर राहिलं असेल, आणि एकाएकी तोच भपकारा, तोच काळा धूर, दोन उचक्या, आणि गाडी निजली.

मामा उतरले आणि बॉनेट उघडून आत पाहत राहिले. मी सवयीनं तोटीकडे वाकलो. तोटी ठीक होती. चोकचा दांडा पुरता बाहेर ओढलेला होता.

"मामाजी," मी खाली उतरून हळूच विचारलं, "अजीर्ण?"

"हो जी," मान वर न करता ते म्हणाले. "आज तिले जरा जास्त झालं."

दूर आगगाडीनं शिट्टी दिली. "म्हणत होती मी!" मागून मामी कडाडल्या. यमू खाली उतरून बापाशेजारी उभी राहिली, आणि ती दोघं बराच वेळ त्या धडधाकट इंजिनाकडे पाहत राहिली. मी जाऊन दांडा आत सारला.

दुसऱ्या दिवशी मोटार कुठेही न थांबता वेळेच्या अर्धा तास आधी स्टेशनावर पोचली. मामांनी त्यानंतर तिचं कौतुक कधी केलं नाही.

आता माझी थोरली या वैशाखात सासरी जायची आहे. मास्तराकडे मोटार कुठली! सायकल आहे. परवा तिची साखळी पुसता पुसता उगाच थांबलो. सायकलला चोक नसतो.