अळणी पाणी

ध्रुवाकडचा समुद्राचा बर्फ भरीव नसतो. त्यात खाऱ्या पाण्याच्या केसाएवढ्या नळ्या असतात, आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे कृमी त्या नळ्यांत जन्म काढतात. सिंगापुरात, बाहेर शर्ट पाठीला चिकटत असताना, आम्ही त्यांच्यावर काम करत होतो. प्रयोगशाळा माझ्या हाताखाली होती.

बर्फ आणला होता पुण्याहून पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी आलेल्या एका पोस्टडॉक मुलीने. जहाजावर राहून, स्वतः कापून, स्वतः पेटीत भरून. ती मला काका म्हणायची. त्या दिवशी ती पासच्या, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याच्या, कामाला बाहेर पडली.

"काका, मी येईपर्यंत हात लावू नका हं. आधी गाळलेलं समुद्राचं पाणी घालायचं, मगच वितळवायचं."

हे मला तिच्याआधीपासून माहीत होतं. पण पाहुणे यायचे होते, त्यांना जिवंत कृमी दाखवायचे होते, आणि गाळलेलं पाणी संपलं होतं. मी बर्फ तसाच काचेच्या भांड्यात ठेवला. नुसता बर्फ वितळला की पाणी अळणी होतं. खाऱ्याला सरावलेले कृमी त्यात फुगतात आणि फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली रिकामी कातडी तेवढी दिसली.

"प्रवासात मेले असावेत," मी पाहुण्यांना म्हणालो. ती आल्यावर तिलाही तेच सांगितलं. अहवालात गेलं की पेटी नीट भरली नव्हती. तिच्या नेमणुकीची मुदत वाढली नाही. ती परत गेली. मला तेव्हा विशेष काही वाटलं नाही. आता काय वाटतं, तेही नीट सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात ती एका परिषदेला सिंगापुरात आली होती. बिशानला, आमच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, भेटलो. तिने दोन लिंबू सरबतं आणली.

"बर्फ चालेल ना काका? की वितळवून देऊ?"

मी रुमालाने टेबल पुसलं.

"त्या भांड्यातलं पाणी मी चाखलं होतं," ती म्हणाली. "अगदीच अळणी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं." तिने ग्लास माझ्याकडे सरकवला. "प्या, पांचट होईल."

मी प्यायलो. चव कळली नाही.

पेटी नीट भरली होती. त्या सकाळी, बर्फ भांड्यात ठेवण्याआधी, पेटीच्या तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्याचा एक थेंब मी काचेवर घेतला होता. त्यात एक कृमी वळवळत होता.