विश्वचषकाच्या मॅचला यशवंतला नेलं तेव्हा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मुलाला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसल्यावर कळतंय, तसं काही नाही.

यशवंतपासून सुरुवात करतो. मंगळवार पेठेत आम्ही एका गल्लीत वाढलो, पेठेच्या एकाच संघातून खेळलो. मी बॅकला, तो गोली. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. इथे मैदानात प्रत्येक पेठेची बसायची बाजू ठरलेली असते. दुसऱ्या पेठेचा रंग अंगात घालून कोणी आमच्या बाजूला बसलं, तर ती खोडी समजतात. म्हातारे झालो तरी आम्ही दोघं आमच्या बाजूला, ठरलेल्या पायरीवर बसायचो.

सत्तरीच्या आसपास यशवंत विसरू लागला. आधी नावं, मग जेवलो की नाही ते. पण पेठेत त्याचं काही अडत नव्हतं. मैदानाची वाट त्याचे पाय ओळखत होते. रस्त्यात कोणीतरी हाक मारायचं, चहा पाजायचं. त्याच्या बायकोला, सुलोचना वहिनींना, त्याची काळजी नव्हती असं नाही, पण त्या त्याला अडवत नसत.

मग कुमारांचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात भरला. माझा मुलगा नवी मुंबईत असतो, त्याने तिथल्या सामन्याची चार तिकिटं काढली. तो, मी, त्याचे सासरे आणि यशवंत. यशवंतला न्यायचं मीच ठरवलं. जन्मभर आम्ही हे सामने टीव्हीवर पाहिलेले, एकदा तरी डोळ्यांनी पाहू म्हटलं. निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हात सोडू नका हं त्यांचा." मी हसलो. म्हणालो, "पोरगं हाय व्हय त्यो?"

आमचे व्याही मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बोलणं हळू, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांच्यासमोर मी नेहमीच थोडा अंग चोरून असतो. का? मुलीकडचे ते, मी मुलाकडचा, संकोच खरं तर त्यांना वाटायला हवा. पण त्यांच्यापुढे माझं कोल्हापुरी तोंड आपोआप मिटतं. ते परस्पर स्टेडियमवर आले आणि माझ्या उजवीकडे बसले. डावीकडे यशवंत. बाटल्या आत नेऊ देत नव्हते, म्हणून मुलगा ते यायच्या आधीच पाणी आणायला खाली गेला होता. यशवंतची ओळख करून द्यायची राहिली होती. राहिली होती, की मीच ती पुढे ढकलत होतो? यशवंतच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली होती, ते मला दिसत होतं.

सामना दोन परदेशी संघांचा. पण त्यातल्या एकाचा रंग नेमका आमच्या समोरच्या पेठेचा निघाला. यशवंतने तो पाहिला आणि त्याच्या मनात आम्ही कोल्हापुरात पोहोचलो. पहिल्यांदा तो गोलीवर ओरडला, "आरं फुडं ये की! लाईन धरून काय बसलायस, पूजा मांडलीय व्हय?" आजूबाजूची पोरं हसली. मलाही हसू आलं, आणि खरं सांगतो, त्याचं म्हणणं बरोबरही होतं. मग त्याला समोरच्या रांगेतलं जोडपं दिसलं. दोघांच्या अंगात त्याच रंगाचे शर्ट. यशवंत उठला. त्याने त्या तरुणाच्या खांद्यावर थाप मारली.

"पावणं, ही आमच्या पेठंची बाजू हाय. उठा. तिकडं जावा."

पोराला काही कळेना. यशवंतने त्याची कॉलर धरली. त्याची बायको किंचाळली. माणसं उभी राहिली, दोघातिघांनी मोबाइल वर धरले. व्याही माझ्याकडे वळले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"तुमच्या ओळखीचे आहेत का हे?"

मी म्हणालो, "नाही."

आणि मी पुढे म्हणालो, "बोलण्यावरून कोल्हापूरकडचे वाटतात."

तेवढ्यात गार्ड आला. हे कुणाबरोबर आहेत, असं त्याने मोठ्याने विचारलं. मी मैदानाकडे बघत राहिलो. गार्डने यशवंतचा दंड धरला. जाताना तो मागे वळून माझ्या नावाने हाक मारत होता. "चल की रं, ह्यास्नी सांग की!" माणसांची नावं विसरणाऱ्या माझ्या मित्राला त्या वेळी माझं नाव आठवत होतं.

मुलगा पाणी घेऊन आला. म्हणाला, "यशवंतकाका कुठे गेले?" मी म्हणालो, "लघवीला." व्याह्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान पुढे वळवली. आजवर त्यांनी तो विषय काढलेला नाही.

थोड्या वेळाने मुलगा शोधायला गेला. काका परत आले तर चुकामूक नको, म्हणून मला तिथेच बसायला सांगून गेला. मी बसलो. तुम्ही म्हणाल, जीव थाऱ्यावर नसेल. तसं नव्हतं. मी मॅच पाहिली. शेवटी शेवटी एक गोल झाला, लांबून मारलेला, आणि मी टाळ्या वाजवल्या.

यशवंत मुलाला फाटकाजवळ सापडला. तिथल्या माणसाला आतलं काही ठाऊक नव्हतं, त्याने एका म्हाताऱ्याला बसायला खुर्ची दिली होती, इतकंच. मुलाचा फोन आल्यावर मी गेलो तर यशवंत माझ्यावरच चिडला. "कुठं गेलतास रं? मी हितंच हाय की!" मुलाने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, काकांचं आता असंच, अशा अर्थाने. मीही मान हलवली.

कोल्हापुरात आल्यावर वहिनींना आणि त्यांच्या मुलांना मी सांगितलं, की लघवीला जातो म्हणून उठला आणि गर्दीत भरकटला. शोध शोध शोधला, म्हणालो. वहिनी रडल्या. मुलांनी त्याच आठवड्यात दाराला बाहेरून कडी बसवली. ती माझ्यामुळे बसली. यशवंत पुन्हा एकटा घराबाहेर पडला नाही, आणि मैदानावर तर कधीच नाही. मैदानात गोल झाला की त्याच्या घरापर्यंत आवाज येतो. मी भेटायला गेलो की तो विचारायचा, "मॅच हाय न्हवं आज?" मी म्हणायचो, "न्हाय रं." आणि तिथून उठून मी मॅचला जायचो. एका शब्दात ती कडी निघाली असती. तो शब्द मी चार हंगाम काढला नाही.

तो गेला त्यालाही आता काळ लोटला. त्याच्या दिवसकार्याला सगळी भावकी जमली होती. वहिनींनी सगळ्यांदेखत माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "भाऊजींनी सख्ख्या भावावाणी सांभाळलं." मी ते ऐकून घेतलं. पान वाढलं, तेही जेवलो.

वहिनी अजून आहेत. हे छापून आलं की त्यांचा थोरला त्यांना वाचून दाखवेल. म्हणून त्यांच्यासाठी एवढंच लिहितो. वहिनी, ते भरकटले नव्हते. माझ्या शेजारी बसले होते.